जाळी काढायची काठी

पाचवीच्या वर्गात गोष्ट चालली होती.
मी व्हरांड्यात, बादलीवर वाकून फडकं पिळत.
वाया बाई सांगत होत्या:
एक विणकर पोर होती, फार गर्विष्ठ.
देवीशी पैज लावली, हरली,
देवीनं तिचा कोळी करून टाकला.
तात्पर्य लिहून घ्या.
गर्वाचं घर खाली.

हरली?
फडकं हातात तसंच राहिलं.
एकवीस वर्षं काढली मी नदीकाठच्या गिरणीत,
खिडकीजवळचा माग.
हरलेलं कापड कुणी फाडत नाही, बाई.
त्यावर सेकंडचा शिक्का मारतात
आणि शनिवारच्या बाजारात निम्म्या भावानं काढतात.
फाडतात ते दुसऱ्या कारणासाठी.

शाळा सुटली. स्मारो मागे राहिली.
सप्टेंबर, पीच डब्यात भरायचे दिवस,
तिची आई साडेचारशिवाय सुटत नाही.
झुंबुलिया, ही लांब काठी कशाला?
जाळी काढायला.
म्हणजे तिची?

तिचीच.
आमच्या भाषेत त्या पोरीचं नाव आणि कोळ्याचं नाव
एकच आहे.
पुसायला गेले
आणि घराघरातल्या कोपऱ्याला देऊन बसले.

बस, म्हटलं. डबा उघड, खाता खाता ऐक.
तिचा बाप रंगारी. शिंपल्यांतला जांभळा रंग,
नखांतून मरेपर्यंत न जाणारा.
आई लवकर गेली. शिकवलं ते सुतानंच.
लोक म्हणत, देवीची कृपा.
ती म्हणे, माझी बोटं.
झाला एवढाच गर्व.
तुला गणितात दहापैकी दहा मिळाले
आणि कुणी म्हणालं, देवाची कृपा, तर?
स्मारो घास गिळून म्हणाली,
मी रात्री अकरापर्यंत बसले होते.
तर मग.

देवीनं विणली देवांची सभा.
सगळे ताठ, सिंहासनावर,
आणि चारी कोपऱ्यांत ताकीद,
उद्धट माणसांचं काय होतं त्याची.
आणि तिनं?

मी थांबले. पोर दहा वर्षांची.
मग म्हटलं, देव वेश पालटून येत, ते विणलं.
बैल होऊन. हंस होऊन.
पोरी नाही म्हणत,
आणि ते कुणाला ऐकू जात नसे.
तिनं ते ऐकलं.
उभ्या धाग्यात नाही, आडव्या धाग्यात नाही,
एकेकीचं वेगळं,
एकेकीचा चेहरा वेगळा.

देवीनं कापड उलटं करून पाहिलं.
जाणकार मागची बाजू बघतात, गाठी बघतात.
एक चूक सापडली नाही.
तेव्हा फाडलं.

स्मारो बराच वेळ पीचची साल सोलत होती.
मग विचारलं,
तुकडे कुठे गेले?

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

म्हटलं, देवीच्या तुकड्यांचं मला ठाऊक नाही.
आमच्यात रिझूला नावाची पोर होती.
यंत्रात तिचा हात गेला.
मुकादम म्हणाला, चूक तिची, लक्ष नव्हतं.
आम्ही परदेशी जाणाऱ्या ब्लँकेटांच्या काठात
लाल सुतानं तिचं नाव घातलं, बारीक,
बारा ब्लँकेटांत.
पकडलं. आमच्यासमोर फाडली,
तीन दिवसांचा पगार कापला.
पण सापडली नऊच.

आणि तीन?
तीन गेली.
कुणाच्या तरी अंगावर असतील.
थंडीत कुणी काठ ओढून हनुवटीपर्यंत घेत असेल,
बोटाला काहीतरी खरखरीत लागत असेल,
वाचता येत नसेल.

साडेचार वाजले. गेटाशी तिच्या आईची स्कूटर.
जाताना स्मारोनं मान वर केली,
नकाशाच्या वरचा कोपरा पाहिला,
मग माझ्याकडे.
बोलली काहीच नाही.

गुरुवारी वाया बाईंनी हाक मारली,
झुंबुलिया, तो कोपरा राहिला वाटतं?
म्हटलं, बाई, काठी पोचत नाही.

काठी तीन मीटरची आहे.